पडतंय म्हटल्यावर

पाचही पुस्तकं जेवणाच्या टेबलावर उभी होती आणि घरातलं कुणीही त्यांच्याकडे सरळ बघायला तयार नव्हतं. वाईट म्हणजे ती सुंदर दिसत होती. निळं कापड, गोल पाठ, कोपरे राखाडी, आणि पानं तिन्ही बाजूंनी इतकी गुळगुळीत कापलेली की बोट फिरवावंसं वाटावं. कालपर्यंत ती प्रवेश परीक्षेची मार्गदर्शकं होती, दोन हात फिरून आलेली, कान दुमडलेली, पानं सुटलेली, प्रत्येकाची लांबीरुंदी वेगळी. आज पाचही एका मापाची झाली होती, म्हणजे त्यांतल्या सगळ्यांत लहान पुस्तकाच्या मापाची. त्या मापात बसवताना बाकीच्या चारांचे दोन-दोन बोटं रुंद समास गेले होते, आणि समासांबरोबर बारकीनं दोन वर्षं पेन्सिलीनं तिथे लिहिलेलं सगळं गेलं होतं.

परीक्षा नऊ दिवसांवर होती.

"मी कापली," धाकटा म्हणाला.

"हे तू तिसऱ्यांदा सांगतोयस."

"तिन्ही वेळा तेच खरं आहे, दादा."

थोरला खुर्चीवरून उठला, खिडकीपर्यंत गेला आणि तिथे काही काम नसल्यामुळे परत आला. मोजणी खात्यात तो नकाशे काढायचा. आयुष्यभर रेषा कागदाच्या आत ठेवलेल्या माणसाला, कागदाची कडाच गेल्यावर काय करायचं ते सुचेना. त्यात समासात लिहायची पद्धत त्याचीच. "वही वेगळी, पुस्तक वेगळं, की डोकं दोन ठिकाणी राहतं. जिथं अडलीस तिथंच शेजारी लिही," असं त्यानंच दोन वर्षांपूर्वी आपल्या लेकीला, बारकीला, सांगितलं होतं, आणि ती मुलगी अशी की सांगितलेलं करून मोकळी व्हायची. त्यामुळे वही अशी नव्हतीच. जे होतं ते समासात होतं.

"पुस्तकं खाली मी नेली," बारकीची आई म्हणाली. "ही म्हणाली होती, रसायनशास्त्राची पानं सुटतायत, अण्णांना जरा खळ लावायला सांग. मी म्हटलं, एकाला लावतायत तर पाचांना लावतील. नाहीतरी सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तकाला हात लावायचा नाही असं हिच्या सरांनी सांगितलेलं. म्हणून मीच काल सगळी उचलली. म्हणजे बघायला गेलं तर..."

"तू खळ लावायला नेलीस. कापायला नाही."

"पण नेली मीच ना."

या घरात एरवी चूक कबूल करणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. आज नेमकी रांग लागली होती. फक्त कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले अण्णा काही बोलत नव्हते. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, नखांत वाळलेली खळ होती. चार वाजता ही पुस्तकं तळमजल्यावरच्या बाइंडिंगच्या कारखान्यातून त्यांनी स्वतः वर आणली होती, जिन्याच्या दोन खेपा करून, आणि टेबलावर ओळीनं उभी करून नातीला म्हणाले होते, "बघ." बारकीनं एक पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली, मिटलं, आणि म्हणाली, "छान झालीत, अण्णा." मग ती जमिनीवर बसली. कौतुकानं दुसरं पुस्तक उघडलं ते तिच्या आईनं, आणि घरात जे काही सुरू झालं ते तिथून.

"बोलून काय होणार आहे," धाकटा म्हणाला. "कातरणाचं पोतं अजून खालीच आहे. रद्दीवाला उद्या येणार. मी घेऊन येतो."

तो जिना उतरला तेव्हा त्याला बरं वाटलं, कारण खाली कुणी प्रश्न विचारणारं नव्हतं.

कारखाना म्हणजे एक लांब खोली होती. एका बाजूला शिलाईचे पाट, मधे पुस्तकं वाळताना दाबून ठेवायचा दाब, आणि दाराच्या समोर कटिंग मशीन. मशीन अण्णांच्या वडिलांनी घेतलेलं. वरचं चाक फिरवून गठ्ठा आवळायचा, मग बाजूचा लांब दांडा दोन्ही हातांनी खाली ओढायचा, की पातं तिरकं खाली यायचं आणि हजार पानं असोत की दहा, त्याला फरक पडायचा नाही. म्हणून त्या खोलीत एक नियम होता, अण्णांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. दांडा ओढण्याआधी कापणाऱ्यानं मोठ्यानं "पडतंय" म्हणायचं आणि दोन श्वास थांबायचं. खोलीत कुणाला काही चुकतंय असं दिसलं, माप, हात, पान, काहीही, तर त्यानं "थांब" म्हणायचं. कुणी काही म्हणालं नाही, तर पातं पडायचं. या घरातली तिन्ही पिढ्यांची मुलं चालायला लागल्यापासून हा नियम शिकली होती, आणि त्या नियमामुळे तीन पिढ्यांत एकाचंही बोट गेलं नव्हतं.

धाकट्यानं पोतं ओढलं. तो दुपारी बारा ते साडेतीन छापखान्यात होता, पावतीपुस्तकांचे छापील कागद आणायला. परत आला तेव्हा पाचही पुस्तकं दाबाखाली होती आणि मशीनपाशी पट्ट्यांचा ढीग. त्यातली एक उचलली आणि तिच्यावर बारकीचं मुंगीएवढं अक्षर दिसलं. अण्णांना ते अक्षर दिसलं नसणार हे त्याला लगेच कळलं. कारण वर्षभर तोच अण्णांच्या मागे उभा राहून, खोकल्याचं निमित्त काढून, मापं तपासत होता. दादाला हे समजलं तर तो मशीनला कुलूप घालणार, आणि मशीनशिवाय अण्णा म्हणजे कोपऱ्यातली ती खुर्ची. धाकट्याला खोटं बोलायला आवडत नव्हतं. पण तो खोटं बोलला, आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटलं नाही.

पोतं बैठकीत रिकामं केलं तेव्हा जमीन पांढरी झाली. काही पट्ट्या अजून गड्डीनं एकत्र होत्या, काही अशा विखुरलेल्या की कुठलं पुस्तक, कुठलं पान, काही पत्ता नाही.

"पद्धतशीर करू," थोरला म्हणाला. पद्धत म्हटल्यावर त्याच्या अंगात जीव आला. "प्रत्येक पुस्तकाचा कागद वेगळा आहे. पिवळा इकडे, जाड तिकडे. आधी पुस्तकं वेगळी करायची, मग पानं. अक्षर मधेच कापलं गेलंय, त्याचा अर्धा भाग पानावर असणार. तो जुळवायचा."

"पानं किती आहेत सगळी मिळून?" आईनं विचारलं.

"ते विचारू नकोस."

बारकी पट्ट्या उचलून रंगाप्रमाणे टाकत होती. ती रडत नव्हती, चिडलेली नव्हती, त्यामुळे सगळ्यांना जास्तच भीती वाटत होती. "तुला काही हवंय का?" असं आईनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती "नको" म्हणाली.

आई पट्ट्या वेगळ्या करायला बसली खरी, पण ती वाचायला लागली. लेकीचं अक्षर इतक्या जवळून तिनं कधी बघितलंच नव्हतं. तिला वाटलं होतं, सूत्रं असतील. सूत्रं होतीच. पण त्यांच्या मधे मधे बारकी स्वतःशी बोलत होती. *अगं, आधी चिन्ह बघ.* *इथे दर वेळी चुकते.* *कळलं.* *कळलं असं वाटतंय.* *कालचं कळलेलं आज कळत नाहीये, असं कसं?* *आज डोकं बंद, उद्या बघू.* घरात ही मुलगी "हो", "बघते" आणि "जेवले" याच्या पलीकडे बोलत नसे. आईला वाईट वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला, त्या समासांचा. तिनं *असं कसं* वाली पट्टी कुणाचं लक्ष नाही असं बघून मुठीत धरली. का धरली ते तिलाही सांगता आलं नसतं.

साडेपाचला आत्या आली. दोघा भावांहून ती मोठी, डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. दारातच चपला काढता काढता तिनं जमिनीवरचा पसारा, टेबलावरची पुस्तकं आणि अण्णांचा चेहरा एका नजरेत घेतला.

"कुणी कापली?"

"मी," धाकटा म्हणाला.

आत्यानं एक पुस्तक उचलून डोळ्यांसमोर आडवं धरलं. काठ खालच्या बाजूला किंचित उतरता होता, सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही इतकाच. तिनं पुस्तक खाली ठेवलं आणि धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं मान हलवली, न हलवल्यासारखी. एवढंच झालं. पण पट्ट्या वेचणाऱ्या आईनं नेमकं तेव्हाच वर बघितलं.

"भावजी," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही दुपारी छापखान्यात होतात ना? तिथून मला फोन केलात, चष्मा घरी राहिलाय का बघा म्हणून. एक वाजला होता. मी भांडी घासत होते."

धाकट्यानं खिशातला चष्मा चाचपला. तो खिशातच होता.

"त्याच्या आधी कापली."

"सकाळी अण्णा पुठ्ठे कापत होते. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा पुस्तकं नुसती शिवलेली होती. मी बघितलीत." मग आपण काय बोलून बसलो हे तिच्या लक्षात आलं. "म्हणजे, मला तसं म्हणायचं नव्हतं."

उशीर झाला होता. थोरला उभा राहिला.

"अण्णा, तुम्ही कापलीत?"

"हो," अण्णा म्हणाले. संध्याकाळपासूनचा त्यांचा हा पहिला शब्द.

"आणि समासात लिहिलेलं तुम्हाला दिसलं नाही?"

उत्तर आत्यानं दिलं, कारण तिला अर्धवट गप्प बसणं कधी जमलं नाही. "नसेलच दिसलं. उजव्या डोळ्यानं त्यांना उजेड कळतो, अक्षर नाही. डाव्याला धुकं आहे. मी आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलंय."

"कधी?"

"झालं वर्ष."

"वर्ष," थोरला म्हणाला. "आणि तुला माहीत होतं?" हे धाकट्याला. धाकटा पट्ट्या बघत राहिला. "म्हणजे घरात सगळ्यांना माहीत. मला सोडून."

"मला नव्हतं माहीत," आई म्हणाली.

"ताई, तू नर्स आहेस. त्या पात्याखाली त्यांचा हात गेला असता तर?"

"मी यांना म्हटलं होतं, ऑपरेशन करून घ्या. नाही म्हणाले. कुणाला सांगू नकोस म्हणाले. बाप हात जोडतो तेव्हा काय करायचं असतं, सांग ना तू." आत्याचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "मी चुकलेच. पण तू असतास तरी हेच केलं असतंस."

"मी नसतं केलं."

"नसतं केलंस. म्हणूनच तुला सांगितलं नाही."

थोरल्याला इतका राग आला होता की नेमका कुणावर ते ठरवता येईना. लेकीच्या नऊ दिवसांवर आलेल्या परीक्षेसाठी तो दोन वर्षं तिच्याबरोबर पहाटे उठला होता. आणि आता ते सगळं पोत्यातून काढून जमिनीवर पसरलं होतं, वर बापाचे डोळे गेलेत ही बातमी, वर बहीण-भाऊ एका बाजूला. त्याला आपण या घरात परके आहोत असं वाटलं. तसं ते त्याला अधूनमधून वाटायचंच.

"किल्ली द्या," तो म्हणाला. "मशीनच्या साखळीची. उद्यापासून तुम्ही दांड्याला हात लावायचा नाही."

"दादा," धाकटा म्हणाला.

"तू बोलू नकोस."

अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. ती लांब लोखंडी किल्ली त्या खिशात इतकी वर्षं राहिली होती की अण्णांच्या प्रत्येक सदऱ्याला त्याच जागी भोक पडायचं आणि आत्या ते रफू करायची. त्यांनी ती पाच पुस्तकांच्या शेजारी ठेवली. ठेवताना टेबलाचा काठ आधी बोटांनी शोधला. आज पहिल्यांदा सगळ्यांनी ते बघितलं, आणि हे ते रोजच करतात हेही सगळ्यांना एकदमच आठवलं.

थोरल्याला तिथे थांबता आलं असतं. पण तो थांबला नाही. "माझ्या वेळीही असंच केलंत तुम्ही."

"तो विषय आता कशाला," आत्या म्हणाली.

"का नाही? रविवारी माझी प्रवेश परीक्षा होती. आणि शाळांची चारशे रजिस्टरं त्याच रविवारी द्यायची होती. परीक्षेच्या वेळेला मी खाली बसून शिलाई करत होतो."

"तू नाही म्हणाला नाहीस," अण्णा म्हणाले.

"काय?"

"शुक्रवारी जेवताना मी सांगितलं. रविवारी सगळे लागतील. तू समोर बसला होतास. मी थांबलोसुद्धा. तू जेवत राहिलास. मी धरून चाललो, तुझं ठरलंय."

"मी सतरा वर्षांचा होतो, अण्णा."

"मला वाटलं, तुला जायचं असतं तर म्हणाला असतास." अण्णांनी हात गुडघ्यांवर परत ठेवले. "नंतर तुझी आई म्हणाली, त्याला जायचं होतं. मग मी तुला विचारायला पाहिजे होतं. पण रजिस्टरं गेली होती, परीक्षाही होऊन गेली होती. काय विचारणार."

थोरला उभाच राहिला. तीस वर्षं तो ही गोष्ट स्वतःशी सांगत आला होता, आणि त्यात त्या शुक्रवारचं जेवण कधीच आलं नव्हतं. ते झालं होतं की नाही, हेही त्याला नक्की सांगता येईना. झालंच असावं. आपण ताटाकडे बघत होतो असं काहीसं त्याला आठवल्यासारखं वाटलं, आणि ते खरंच आठवतंय की आत्ता ऐकल्यामुळे, हे कळेना.

बारकीच्या हातात एक पट्टी होती आणि ती कुठल्या रंगाच्या ढिगात टाकायची ते तिला ठरवता येत नव्हतं. बराच वेळ ती फक्त किल्लीकडे बघत होती.

सराव परीक्षा दहाला सुरू झाली होती. तिला सगळं येत होतं. हे सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नसतं, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. प्रश्न वाचला की उत्तर समोर यायचं, पण यायचं ते एका जागी यायचं: डावं पान, बाहेरचा समास, खालून तिसरी ओळ, शेजारी चहाचा डाग. ती डागाच्या शेजारचं वाचून उत्तरपत्रिकेत लिहीत होती. पाऊण तासानंतर तिच्या मनात आलं की मला हे येतंय की मी नुसती वाचतेय? आणि एकदा आलं ते जाईचना. बारा वाजायच्या आत सगळं लिहून झालं. तिनं उत्तरपत्रिका दिली आणि ती घरी आली. वर जायच्या आधी कारखान्याच्या दारात थांबली, कारण आत अण्णा मशीनपाशी होते आणि पात्याखाली तिचं रसायनशास्त्राचं पुस्तक होतं. आवळलेलं. समास बाहेर आलेले.

अण्णा मोठ्यानं म्हणाले, "पडतंय."

तिला नियम माहीत होता. दोन श्वास होते. तिनं दोन्ही घेतले. मग पातं पडलं, आणि पट्ट्यांची गड्डी अलगद पुढे सरकली. अण्णांनी दुसरं पुस्तक घेतलं. ती तिथेच उभी राहिली. चौथं झाल्यावर ती वळली आणि दोन वाजेपर्यंत रस्त्यांवरून फिरत राहिली. एका दुकानाच्या काचेसमोर उभं राहून तिनं पंख्यांच्या किमती वाचल्या. तिला पंखा नको होता.

आता काका अण्णांसाठी खोटं बोलला होता, आई भलतंच अंगावर घेत होती, आत्याला बोलणी बसली होती, आणि अण्णांची किल्ली टेबलावर होती. आपण बोललो नाही तर ती तिथेच राहणार. आणि बोललो तर बाबा पहिला प्रश्न जो विचारणार, त्याचं उत्तर आपल्याकडे नाही. तिला लाज वाटत होती आणि भीती वाटत होती, आणि दोन्हींत जास्त कुठली हे कळत नव्हतं.

"मी दारात होते," ती म्हणाली.

"कुठल्या दारात?" आईनं विचारलं.

"खाली. अण्णा कापत होते तेव्हा. मी लवकर आले होते. पुस्तकं माझीच आहेत हे मला दिसत होतं. अण्णा 'पडतंय' म्हणाले. प्रत्येक वेळी म्हणाले. मी काही बोलले नाही."

आईच्या मुठीतली पट्टी चुरगळली.

"का?" थोरल्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो शोधूनही त्याला सापडला नसता. "का नाही बोललीस?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही?"

"मला बघायचं होतं बहुतेक. समास गेल्यावर मला काय येतं ते. किंवा मला परीक्षा नकोच असेल. किंवा मी नुसती घाबरले असेन. मी दुपारपासून ठरवतेय, बाबा. तिन्ही खरं वाटतं. एक धरलं की दुसरं जास्त खरं वाटतं." तिनं हातातली पट्टी खाली ठेवली. "पण अण्णांची चूक नाहीये. त्यांनी नियमानं केलं. 'थांबा' मी म्हणायचं होतं."

"मला माहीत होतं तू होतीस," अण्णा म्हणाले.

आता सगळे त्यांच्याकडे वळले.

"दाराचा उजेड अडला. आणि तुझ्या डाव्या चपलेचा पट्टा सैल आहे, तो वाजतो. मला बरं वाटलं. म्हटलं, मला नीट दिसत नाही, पण ही आहे ना बघायला. काही चुकलं तर बोलेल. तू उभी होतीस म्हणून मी निर्धास्त दांडा ओढला, बाळा." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "मला दिसत नाही. ताई म्हणते ते खरं आहे. मी तुम्हा लोकांच्या गप्प बसण्यावर कापत होतो. गेलं वर्षभर."

धाकटा म्हणाला, "मी खोकायचो, अण्णा. चूक असली की."

"मला कळायचं. मला वाटायचं, छातीत काही झालंय तुझ्या. ताईला सांगणार होतो."

आत्याला हसू आलं आणि तिनं ते पदरात लपवलं. पण आईनं बघितलं, आणि तिलाही आलं. दोघी एकमेकींकडे बघेनाशा झाल्या, कारण बघितलं असतं तर दोघींचाही बांध फुटला असता, आणि तो हसण्याचा की रडण्याचा ते सांगता येत नव्हतं.

"खालचा नियम आता बदलायचा," अण्णा म्हणाले. "'पडतंय' म्हटल्यावर कुणी 'पाड' म्हणालं, तरच दांडा ओढायचा. गप्प बसलं की थांबायचं."

"मग दिवसाला एक गठ्ठा होईल," धाकटा म्हणाला.

"होऊ दे. किल्ली तुझ्याकडे. मी कापीन तेव्हा तू शेजारी. डोळे उघडे ठेव, आणि तोंडही. खोकायचं नाही." मग ते थोरल्याच्या आवाजाच्या दिशेला वळले. "चालेल?"

अण्णांनी त्याला शेवटचं काही विचारलं त्याला किती वर्षं झाली, ते थोरल्याला आठवेना. "आणि ऑपरेशन?" तो म्हणाला.

"तेही."

"कधी? तारीख सांगा."

"ताई सांगेल ती."

"चालेल," थोरला म्हणाला. त्यानं किल्ली उचलली, धाकट्याच्या हातात दिली आणि तो जमिनीवर बारकीसमोर मांडी घालून बसला. गुडघे वाजले. त्यानं पट्ट्यांच्या ढिगाऱ्याकडे बघितलं, मग लेकीकडे.

"परीक्षा नऊ दिवसांवर आहे," तो शक्य तितक्या हळू म्हणाला. "जायचं आहे ना तुला?"

बारकीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आत हो होतं, नाही होतं, आणि त्या दोघांच्या मागे आणखी काहीतरी होतं ज्याला अजून शब्द नव्हता. तिनं तोंड मिटलं.

"बरं," थोरला म्हणाला आणि त्याचे हात आपोआप पट्ट्यांकडे गेले. "मग आपण असं करू. आज जाड कागदाचं पुस्तक पूर्ण जुळवू, उद्या पहाटे पिवळं घेऊ, म्हणजे परवापासून तुला..."

"थांब," अण्णा म्हणाले. "ती काही बोललेली नाही."

थोरल्याचे हात पट्ट्यांवर राहिले. मग त्यानं ते काढून घेतले आणि मांडीवर ठेवले, अण्णा ठेवतात तसे.

"किती वेळ थांबायचं?"

कुणालाच ते माहीत नव्हतं. आईनं मूठ उघडून चुरगळलेली पट्टी सरळ केली आणि काही न बोलता बारकीपुढे धरली. बारकीनं ती घेतली, जवळचं पुस्तक उघडलं आणि पानाच्या कापलेल्या कडेला लावून पाहिली. ती त्या पानाची नव्हती. तिनं पान उलटलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. पुढच्या पानालाही ती बसली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. खोलीत कुणी काही बोललं नाही, आणि या वेळी कुणी काही धरूनही चाललं नाही.